बेर्गवरचा अधिक मास: एर्लांगेनच्या बिअर-जत्रेत आई-बाबांसोबत तीन दिवस

बाबा कराड आगारात एकतीस वर्षं कंडक्टर होते. गळ्यात तुळशीची माळ. नोकरीत त्यांची सगळ्यात जास्त भांडणं झाली ती दोन प्रकारच्या माणसांशी: पिऊन गाडीत चढणारे आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे. त्यामुळे जर्मनीतल्या एर्लांगेनहून ताईचा फोन आला, "मावशी-काकांना घेऊन बेर्गला या," तेव्हा मी आधी हसलेच.

बेर्ग म्हणजे डोंगर, टेकडी. पण एर्लांगेनमध्ये मे-जून आला की बेर्ग एकच, बेर्गकिर्शवाय. गावाच्या उत्तरेला बुर्गबेर्ग नावाची झाडीनं भरलेली टेकडी आहे, तिच्या उतारावर बारा दिवस बिअरची जत्रा भरते. १७५५ पासून. करोनामुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं ती भरली नाही, आणि ही गोष्ट तिथली माणसं घरातलं कुणीतरी गेल्यासारखी सांगतात. म्युनिकचं ऑक्टोबरफेस्ट आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. बेर्गचं नाव मी मात्र जर्मनीत चार वर्षं काढल्यावर ऐकलं, तेही ताई तिथे राहायला गेली म्हणून. आम्ही राहतो इंगोलश्टाटला, रेल्वेनं दीड-दोन तासांवर.

"अगं पण बाबा..." मी म्हटलं.

"काकांशी मी बोलते." ताई माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि बाबांची लाडकी. तिनं बाबांना फोनवर सांगितलं, इथे जत्रा आहे, पाळणे आहेत, बँड आहे. बिअर हा शब्द तेवढा गाळला. बाबांनी विचारलं, "देव कोण?" ताई गडबडली. तसं पाहिलं तर किर्शवाय या शब्दाचा मूळ अर्थच चर्चच्या स्थापनेची जत्रा. पण आजच्या बेर्गवर देव शोधायला गेलात तर पिंपाशिवाय काही सापडणार नाही.

शनिवार

बायर्न-तिकीट काढलं आणि निघालो. (बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांत शनिवार-रविवारी दिवसभर चालतं, पाचजणांपर्यंत एकच तिकीट. आजी-आजोबा आलेले असतील तर याच्यासारखं दुसरं स्वस्त काही नाही.) न्यूर्नबेर्गला गाडी बदलली. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घडलं ते एर्लांगेनच्या बस थांब्यावर. ताईचं घर चार थांबे लांब. बस आली, माणसं तिन्ही दारांतून चढली, दारं मिटली, बस निघाली. बाबा दांडा धरून उभे राहिले आणि गाडीभर नजर फिरवत राहिले.

"कंडक्टर कुठाय?"

"नसतो इथे, बाबा. लोक आपापलं तिकीट काढतात."

"आन् नाही काढलं तर?"

"मधूनच तपासनीस येतात. साठ युरो दंड."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि बेल कोण मारतं?"

चहा झाल्यावर दाजींनी गाव दाखवलं. दाजी इथे वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहेत, आणि या गावात तुम्ही भारतीय माणसाला विचारलंत की तो एक तर अशा कंपनीत असतो नाही तर विद्यापीठात. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनो, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट लोकांसाठी इथल्या संस्थानिकानं १६८६ मध्ये हे नवं गाव वसवलं, जुनं गाव त्याच्या उत्तरेला. विद्युतरोध ज्याच्या नावानं मोजतात तो ओम इथलाच, १७८९ चा जन्म. दाजींनी माझ्या मुलाला सांगितलं की कॉलेजात ओमचं लक्ष अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरची घसरगुंडी आणि बिलियर्डकडे जास्त होतं, म्हणून बापानं चिडून त्याचं शिक्षण थांबवलं. चिरंजीवांना अख्ख्या सहलीतली हीच एक गोष्ट शब्दन् शब्द पाठ झाली आहे, आणि ती ते योग्य वेळी वापरतात.

मग आम्ही चूक केली. संध्याकाळचे साडेसहा, छान ऊन, चला आजच एक चक्कर टाकून येऊ. मुख्य रस्त्यावरून उत्तरेकडे माणसांचा लोंढा चाललेला. सगळी विशीतली, मुलं चामड्याच्या आखूड विजारीत, मुली डिर्न्डल नावाच्या घेरदार झग्यांमध्ये, काहींचा उत्साह टेकडी यायच्या आधीच ओसंडायला लागलेला. शेवटच्या शनिवारची संध्याकाळ म्हणजे काय असते याची आम्हांला कल्पना नव्हती. दाजींना होती, पण सासरच्या माणसांपुढे ते फारसं बोलत नाहीत.

प्रवेशावरच्या सुरक्षारक्षकानं माझ्या नवऱ्याच्या पाठपिशवीकडे बघून मान हलवली. मोठ्या पिशव्या आत न्यायच्या नाहीत. त्या पिशवीत आईनं भरलेले चार डबे, दोन पाण्याच्या बाटल्या, एक छत्री आणि बाबांचा स्वेटर. वाद घालण्यासारखं काही नव्हतं, नियम ठिकठिकाणी लिहिलेला होता आणि आम्हीच वाचला नव्हता. तेवढ्यात एक पोरगा झोकांड्या खात आला, बाबांच्या पायाशी बसला आणि त्यानं अतिशय नम्रपणे बाबांना काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" बाबा.

"बस कुठून सुटते विचारतोय," दाजी म्हणाले.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ताईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "जत्रा म्हणालीस ना गं?"

घरी जाऊन डबे खाल्ले.

रविवार

सकाळी बाबा म्हणाले, मी येत नाही. आईनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. नऊवारी नेसली, पायात माझे पळायचे बूट घातले आणि दारात उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांचा संसार असा चालतो.

या वेळी हातात फक्त छोट्या पर्स. साडेदहाला पोचलो, आणि कालचीच जागा का ही, असं वाटावं इतकी ती बदललेली. झाडांखाली लाकडी बाकं आणि टेबलं, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली. ऊन पानांतून गाळून येत होतं. ढकलगाड्यांतली बाळं, काठी टेकत आलेल्या आज्या, खेळण्याचा भोपू वाजवणारी पोरं. वर कुठेतरी पितळी वाद्यांचा बँड अजून सूर लावत होता. इथे म्हणे अकरा हजारांच्या आसपास माणसं एकावेळी बसू शकतात आणि बारा दिवसांत दहा लाखांच्या घरात लोक येऊन जातात. गावाची वस्ती लाखभर.

कुणाला जायचं असेल तर माझं ऐका: म्हातारी माणसं किंवा मुलं बरोबर असतील तर सकाळी दहा ते दुपारी चार. पाचनंतर टेकडी तरुणांची. रोकड जवळ ठेवा, स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी वेगळी ठेवा. वाट चढाची आहे, गुडघे दुखत असतील तर खालच्या बाजूची बाकं धरा. तारखा मात्र दरवर्षी हलतात, कारण ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या फिंग्स्टन या सणाच्या आधीच्या गुरुवारी जत्रा उघडते. पहिलं पिंप महापौरांच्या हस्ते फोडतात. म्हणजे आपल्या एकादशीसारखंच, कॅलेंडर बघितल्याशिवाय निघायचं नाही.

दाजी आणि नवरा पेयं आणायला रांगेत गेले. आम्ही एका टेबलाशी आलो. अर्ध्या टेबलावर एक फ्रँकोनियन (फ्रँकोनिया म्हणजे बव्हेरियाचा हा उत्तरेकडचा भाग) म्हातारा-म्हातारी बसलेली, अर्धं रिकामं. आईनं बाबांच्या खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं आणि झटकून रिकाम्या बाकावर लांबलचक पसरलं.

"ए!" बाबा. "असं जागा धरायचं नसतं."

"तुमच्या गाडीत नसेल. इथं तुम्ही पाशिंजर आहात."

समोरच्या म्हातारीला भाषा कळली नाही पण सगळं कळलं. तिनं आपल्या बाजूच्या बाकाकडे बोट केलं. तिथे एक जाकीट आणि एक टोपी पसरलेली होती, येणाऱ्या जावयासाठी.

पेयं आली. इथे बिअर मिळते ती लिटरच्या मापात, दगडी मातीच्या करड्या मगात. त्या मापाला म्हणतात मास. दाजींनी "हा एक मास" म्हणून नवऱ्यापुढे ठेवला. आईनं घाबरून विचारलं, "मांस?" खुलासा झाला. आम्ही गेलो तेव्हा किंमत बारा युरोच्या घरात होती, शिवाय मगाची अनामत, तिचा बिल्ला वेगळा मिळतो; रिकामा मग आणि बिल्ला दोन्ही परत केले की पैसे परत. बिल्ला हरवू नका. जत्रेसाठी मुद्दाम कडक बिअर काढतात, नेहमीपेक्षा अंमळ चढणारी, तेव्हा एका मासावर थांबलेलं बरं. नवरा थांबला नाही. तो दुसऱ्या रांगेला उठला तेव्हा बाबा ॲपलशोर्लचा (सफरचंदाचा रस आणि सोडा) घोट घेऊन शांतपणे म्हणाले, "जावईबापूंचा यंदा अधिक मास दिसतोय."

त्यानंतर सहल संपेपर्यंत आमच्यात दुसऱ्या मगाला दुसरं नाव नव्हतं.

बाबांची माळ आणि आमचं शाकाहारी खाणं, यामुळे मी उपासाची तयारी ठेवली होती. लागली नाही. बटाट्याचे किसून तळलेले चपटे वडे मिळाले, सोबत सफरचंदाचा गोड गर. आईला गोड नको होतं, तिनं पर्समधून चटणीची पुडी काढली. हातभर रुंद खारी ब्रेत्झेल, म्हणजे वेटोळ्याचा पाव. कॅमेम्बेअर चीज आणि लोणी घोटून, वर लाल तिखट घातलेला ओबात्स्दा, तो ब्रेत्झेलला लावून खायचा. आणि मुळा! पांढरा मुळा यंत्रावर फिरवून त्याची लांब माळ काढतात, मीठ भुरभुरतात आणि तसाच समोर ठेवतात. आईनं एक तुकडा तोंडात टाकला आणि पहिल्यांदाच या देशाबद्दल तिचं मत जरा सुधारलं. "मीठ लावून मुळा खातात म्हणजे माणसं आपल्यातलीच." एकच सावधगिरी: "क्लोस मिट झोस" म्हणजे बटाट्याचा गोळा आणि रस्सा हे नावावरून शाकाहारी वाटतं, पण तो रस्सा बहुतेकदा मांसाचा असतो. विचारून घ्या. मांसाहारी मंडळींना बोटाएवढी तीन न्यूर्नबेर्गी सॉसेजं घातलेला पाव सगळीकडे मिळतो, माझ्या मुलानं दोन संपवले, आज्जीकडे पाठ करून.

समोरचे आजोबा सीमेन्समध्ये फिटर होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. त्यांची बोली दाजींनाही अर्धीच कळत होती. त्यांनी विचारलं, आम्हांला इथे कसं वाटतंय? दाजींनी बाबांना विचारलं. बाबांनी आजूबाजूला पाहून उत्तर दिलं, "बरंय की." दाजींनी ते जर्मनमध्ये सांगताना बरंच वाढवून सांगायला सुरुवात केली, तर आजोबांनी हात वर करून थांबवलं. त्यांना नुसतं "बरंय" हवं होतं. कारण फ्रँकोनियात सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे "बास्ट शो", चालतंय, बरंय. याच्या वर कौतुक करणं म्हणजे तोंडपुजेपणा. बाबा आणि ते, दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. साताऱ्याच्या माणसाला साडेसहा हजार किलोमीटरवर पहिल्यांदाच मापात बोलणारा माणूस भेटला होता.

मग आजोबांनी आम्हांला टेबलापासून वीस पावलांवर एका लाकडी दाराशी नेलं. दार किलकिलं होतं. आईनं पाय पुढे टाकला आणि "अगं बाई" म्हणून थबकली. बाहेर तीस अंश, आणि फटीतून पायावर येणारी हवा विहिरीतल्यासारखी गार. ही टेकडी आतून पोखरलेली आहे. यंत्रं नव्हती तेव्हा बिअर उन्हाळ्यात नासू नये म्हणून वालुकाश्मात बोगदे खणले, हिवाळ्यातला बर्फ आत भरला, पिंपं आत ठेवली. वर सावलीसाठी झाडं लावली, झाडांखाली बाकं टाकली, आणि पिंपाजवळच बसून प्यायची सोय झाली. या प्रत्येक जागेचं नाव म्हणूनच केलर, तळघर. आणि इथली माणसं "केलरमध्ये" जात नाहीत, "केलरवर" जातात, कारण बसायचं तळघराच्या डोक्यावर असतं. मी इतकी वर्षं हे चुकीचं बोलत होते.

एकोणिसाव्या शतकात या टेकडीतली बिअर पिंपं भरभरून लांबलांबच्या देशी जायची. पुढे १८७०च्या दशकात कार्ल फोन लिंडेनं थंडावा तयार करणारं यंत्र काढलं, आणि जिथे टेकडी नाही, बोगदा नाही, तिथेही बारमाही बिअर बनायला लागली. एर्लांगेनचा तोरा उतरला. लिंडे जन्मानं फ्रँकोनियाचाच, हे सांगताना आजोबा हसले. आमच्याच माणसानं आमचा धंदा बसवला. गावातली १७१२ पासूनची किट्समान भट्टीसुद्धा २०१८ मध्ये बंद झाली, हे सांगताना मात्र हसले नाहीत. तरण्या पोरांच्या चामडी विजारींवरही त्यांचा राग होता. तो पोशाख तिकडे दक्षिणेचा, आल्प्सकडचा. एर्लांगेन बव्हेरियात आलं तेच मुळी १८१० मध्ये, आणि आजोबांच्या मते त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत.

बाबांचं लक्ष एव्हाना दुसरीकडे लागलं होतं. वरच्या अंगाला काही बाकांवर वाढपी होते. एक तिशीतली बाई दोन्ही हातांत मिळून आठ भरलेले मग घेऊन यायची, टेबलावर आपटायची आणि कमरेच्या चामडी पाकिटातून सुटे पैसे काढून द्यायची. पाकीट म्हणजे आपल्या कंडक्टरची पिशवीच, आत नोटांचे कप्पे, पुढे चिल्लरचा खण. बाबा तिचा हात बघत होते. ती चिल्लर न बघता, नुसत्या बोटांनी मोजत होती.

"हिला विचार," बाबा दाजींना म्हणाले, "रोजचा हिशेब कसा करते?"

दाजी संकोचले, पण विचारलं. ती हातातले मग खाली ठेवून थांबली, बहुधा असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. ती म्हणाली, काउंटरवर माल उचलतानाच ती स्वतः पैसे भरते, मग गिऱ्हाइकाकडून घेते. रात्री कमी भरले तर तूट तिची.

"आमची पण पगारातून कापायचे," बाबा मराठीतच तिला म्हणाले. दाजींनी भाषांतर केलं. "चव्वेचाळीस माणसांची गाडी, वर वीस उभी, आणि पाल यात्रेला तर टपावर. तिकीट फाडायचं, सुटे द्यायचे, वे-बिल भरायचं, गाडी हलतीय, आणि खालती पिऊन आलेला एक जण म्हणतोय मी पैसे दिलेत."

ती मोठ्यानं हसली. "तो इथेही असतो," म्हणाली. मग तिनं मुठीतली नाणी बाबांच्या तळहातावर ओतली, परीक्षा घेतल्यासारखी. बाबांनी न बघता अंगठ्यानं चाळली. "चौदा युरो साठ." तिनं मोजली. बरोबर. पूर्ण टेबलानं मग आपटले.

पाळण्यात आई बसली. मोठा चक्राकार पाळणा झाडांच्या वर जातो, खाली गावाची लाल छपरं आणि रेग्निट्झ नदीचं खोरं दिसतं. ती वर गेल्यावर आम्हांला हात करत होती आणि लाल बुटांतले पाय हलवत होती. मुलानं चिठ्ठ्या काढण्याच्या स्टॉलवर सहा युरो घालवून एक रबरी साप जिंकला. भाजलेल्या साखरेतल्या बदामांच्या वासानं आई थबकली, कढईत लाकडी कालथा फिरवणाऱ्या माणसाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पाक पुढे गेलाय." घेतले मात्र दोन पुडे.

साडेतीनला ढग आले. पाच मिनिटांत असा पाऊस कोसळला की झाडांनी हात टेकले. लोकांनी आधी बिअरचे मग उचलले, नंतर मुलं उचलली (हा क्रम मी डोळ्यांनी पाहिला आहे), आणि सगळे जवळच्या लांबट छपराखाली घुसले. तोंडाशी चेंगराचेंगरी. आत, मागच्या बाजूला मोकळं, पण लोक दाराशीच थांबलेले. नेहमीचंच. आणि माझ्या मागून आवाज आला, जो मी लहानपणी कराड-चिपळूण गाडीत ऐकला होता आणि विसरून गेले होते.

"चला पुढं सरका! पुढं मोकळंय! दारात उभं राहू नका, पुढं सरका!"

आणि ते सरकले. खरंच. शे-दीडशे जर्मन माणसं एका माळकऱ्याच्या मराठी हुकमावर चार पावलं आत गेली, बाहेर भिजणारे छपराखाली आले. कोपऱ्यातून तीन-चार भारतीय पोरं खो खो हसायला लागली. विद्यापीठातली, एक नगरचा, एक नांदेडचा. "काका, पास चालेल का?" एकानं ओरडून विचारलं. बाबा म्हणाले, "ओळखपत्र दाखव."

सोमवार

सकाळी पंधरा-वीस मिनिटांच्या रेल्वेनं फोर्शहाइमला गेलो. तिथे गावाबाहेरच्या रानात असेच केलर आहेत, त्यांतले काही जत्रेशिवायही उघडे असतात, आणि तिथली आन्नाफेस्ट नावाची स्वतःची जत्रा जुलैच्या शेवटी भरते. आम्हांला गर्दी नको होती, आईला डबे खायचे होते. इकडच्या केलरवर जुनी रीत आहे: पेय त्यांचं घ्यायचं, खाणं घरून आणलं तरी चालतं. तरी विचारून घ्यावं, आणि टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर तिथे बसू नये, ती जेवण मागवणाऱ्यांची जागा. आम्ही उघड्या टेबलावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा मांडला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब घरून आणलेल्या लाकडी पाटावर काकडी चिरत होतं. शनिवारी ज्या डब्यांनी आम्हांला प्रवेशावरून परत पाठवलं, ते डबे दोन दिवसांनी असे मार्गी लागले.

संध्याकाळी पुन्हा बेर्ग. शेवटचा दिवस. मी सुचवलं होतं की आई-बाबांनी घरी थांबावं, रात्र होईल. बाबाच म्हणाले, "विसर्जन चुकवायचं नसतं." दाजींनी त्यांना सांगून ठेवलं होतं: शेवटच्या रात्री एक पिंप पुरतात.

गर्दी शनिवारपेक्षा कमी नव्हती, पण वेगळी होती. मिसळ. शाळकरी मुलं, त्यांचे मास्तर, म्हातारी जोडपी. एरिश केलरकडे सगळ्यांचं तोंड. आम्ही दाजींच्या सल्ल्यानं बाजूच्या उतारावर, झाडाला टेकून उभे राहिलो. (हे लक्षात ठेवा. पुढे घुसलात तर संपल्यावर अर्धा तास हलता येत नाही.) नवऱ्याच्या हातात मग होता. कितवा मास ते मी विचारलं नाही.

अंधार पडला. बँडनं धांगडधिंगा थांबवला आणि एक जुनं, संथ गाणं धरलं. हजारो गळे हळूहळू त्यात मिसळले, आणि मग रुमाल निघाले. पांढरे. खिशातले, कागदी, कुणी टेबलावरचा नॅपकिन, कुणी काढलेला सदरा. सगळी टेकडी हलायला लागली. तिकडे खाली खड्ड्यात पिंप उतरवत होते, आम्हांला फक्त माणसांची डोकी आणि दिव्याचा उजेड दिसत होता. माझ्याशेजारची एक दांडगी मुलगी, कानापर्यंत गोंदलेली, मुसमुसत होती.

"पुढच्या वर्षी लवकर या असं काही म्हणतात का?" आईनं हळूच विचारलं.

"तसंच काहीसं," दाजी म्हणाले.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्याकडे रुमाल नव्हता. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, एक टोक मुठीत धरलं आणि डोक्यावर फिरवायला लागले. मुळ्याचं मीठ आणि कालच्या पावसाचा चिखल लागलेलं ते उपरणं आजूबाजूच्या सगळ्या रुमालांपेक्षा चौपट मोठं होतं. मागच्यांना काही दिसेना, पण कुणी काही बोललं नाही.

उतरताना मी विचारलं, "मग कशी वाटली जत्रा?"

"दारू ती दारूच," बाबा म्हणाले. थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "व्यवस्था बरीय."

जत्रेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत जादा गाड्या असतात. खाली एक उभी होती. आम्ही चढलो, मागून आणखी पन्नास जण चढले. बाबा दाराजवळच्या खांबाला धरून उभे, शेवटच्या माणसाला हात देऊन त्यांनी आत घेतलं, बाहेर डोकावून पाहिलं. कुणी राहिलं नव्हतं. बाबांनी बोटाच्या पेरानं खांबावर दोनदा ठोकलं. टण टण.

दारं मिटली आणि गाडी हलली.